न केलेला प्रयोग

मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, मागच्या मोरीवर, मासे विकणारी एक बाई नळाखाली पाय धरून बसली होती. सुकत घातलेल्या बांगड्यांवरून कुत्र्याला हाकलायला गेली आणि त्याने पोटरीच धरली. दोन खोल दात, बाजूला एक लांब ओरखडा. घरातून निघताना कोणीतरी जखमेवर चुना थापून दिला होता. साबणाच्या फेसाबरोबर तो आता ओघळून मोरीत चालला होता. सिस्टर भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून होत्या, कारण पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. बाईचा पाय गार पडला, जीव कंटाळला, आणि बाजूला उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांना तिने विचारलं, “डॉक्टरांनू, ह्या इंजेक्शन लागू पडता ता कसा कळला? कोणाक तरी कुत्रो चावल्यार तसोच ठेवन बघितलास काय?” डॉक्टर हसले. “लाखो लोकांक दिलेला आसा काकी, काळजी करू नकात.” त्यांचं म्हणणं खरंच होतं, पण काकींनी विचारलं होतं ते वेगळंच. रेबीजच्या लसीबद्दलचा, आणि एकूण लसींच्या शास्त्रातलाही, सगळ्यात अडचणीचा प्रश्न त्यांनी मोरीवर बसून, कुठलाही आडपडदा न ठेवता विचारला होता, आणि तो नंतर काही केल्या डोक्यातून जाईना.

इतर बहुतेक लसींचं उत्तर सरळ असतं. हजारो माणसं घ्यायची, निम्म्यांना लस द्यायची, निम्म्यांना नुसतं पाणी, कोणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत झाकून ठेवायचं, आणि मग कोणत्या गटात किती जण आजारी पडले ते मोजायचं. रेबीजमध्ये हे करता येत नाही. त्याची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला पाण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायची परवानगी जगातली कुठलीही नैतिकता समिती देणार नाही, आणि देऊही नये. त्यातून आणखी एक गुंता आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणजे प्रत्येकाला रोग होतोच असं नाही. दात कुठे लागले, किती खोल गेले, मध्ये कापड होतं का, त्या वेळी लाळेत विषाणू किती होता, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून कोकणातल्या जवळपास प्रत्येक वाडीत “माका चावलेलो, मी झाडपाल्याचा औषध घेतलंय, काय्येक झाला नाय” असं सांगणारा एक तरी आजोबा भेटतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या जगण्यातून औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, एवढंच. आणि लस घेऊन जगलेल्या एकट्यादुकट्या माणसाबद्दलही नेमकं तेच म्हणावं लागतं.

मग कळतं कसं?

वळणावळणाने कळत आलं आहे, आणि त्या प्रत्येक वळणावर माणसं गेली आहेत. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरकडे जोसेफ मेस्टर हा नऊ वर्षांचा अल्सेसचा मुलगा आणला गेला, तेव्हा पाश्चरच्या हातात होते ते पिसाळलेल्या सशांचे मज्जारज्जू. काचेच्या बाटलीत, तळाशी ओलावा शोषणारा पोटॅश ठेवून, वर दोऱ्याने टांगून वाळवलेले. जितका जास्त वाळलेला तितका विषाणू निष्प्रभ. सुरुवात दोन आठवडे वाळवलेल्यापासून झाली आणि रोज थोडा ताजा, थोडा जास्त जहाल असा दहा दिवसांत तेरा टोचण्यांपर्यंत तो मुलगा नेला. मेस्टर जगला आणि साऱ्या जगाला धीर आला. पण चावलेल्या कुत्र्याला रेबीज होता हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नव्हतं. शवविच्छेदनात त्याच्या पोटात गवत आणि लाकडाचे तुकडे सापडले, म्हणून तो पिसाळलेला मानला गेला. हा मुलगा नाहीतरी जगलाच असता का, ही शंका तेव्हाच्या डॉक्टरांनी उघडपणे घेतली होती. काकींचा प्रश्न इतका जुना आहे.

आपल्याकडे मोठा काळ गाजवला तो डेव्हिड सेम्पलच्या लसीने. हिमाचलातल्या कसौलीला १९११ साली त्याने प्राण्याच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो मेंदू वाटून, फिनॉलने विषाणू मारायची पद्धत बसवली; पुढे आपल्याकडे मेंढीच्या मेंदूचं ५ टक्क्यांचं मिश्रण वापरात राहिलं. “पोटात चौदा इंजेक्शनं” ही कोकणातल्या घराघरांत अजून सांगितली जाणारी धास्ती त्या लसीची. मिश्रण पातळ, म्हणून डोस मोठा, म्हणून पोटाच्या कातडीखाली जिथे जागा जास्त तिथे. खरी अडचण वेगळीच होती. मेंढीच्या मेंदूत मज्जातंतूंवरच्या आवरणाची प्रथिनं असतात आणि ती माणसाच्या आवरणाशी मिळतीजुळती असतात. शरीर विषाणूविरुद्ध उभं राहताना काही जणांमध्ये स्वतःच्याच नसांवर उलटायचं. काही हजारांत एखाद्याचे पाय लुळे पडायचे, कधी मेंदूला सूज यायची, कधी माणूस दगावायचा. रोगातून वाचवायला दिलेल्या औषधानेच माणूस अंथरुणाला खिळलेला ज्यांनी पाहिला, त्यांच्या घरात पुढे दोन पिढ्या कोणी त्या सुईजवळ गेलं नसेल तर त्यांना अडाणी म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. भारताने ही लस २००४ च्या अखेरीस बंद केली. फार उशीर केला, असं माझं स्पष्ट मत आहे. पेशींवर वाढवलेल्या लसी तोवर वीसेक वर्षं जगात वापरात होत्या. आडलं होतं ते किमतीवर.

विषाणू अर्धवट मारला तर काय होतं, तेही एकदा घडून गेलं आहे. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात १९६० साली जिवंत विषाणू उरलेली लस ६६ जणांना दिली गेली. त्यातले १८ रेबीजने गेले. नवी लस येणार म्हटल्यावर पहिली चौकशी कशाची करायची, ती या आकड्याची.

काकींच्या प्रश्नाला सगळ्यात जवळ जाणारं उत्तर मिळालं ते इराणमध्ये. १९५४ साली एक पिसाळलेला लांडगा एका गावात शिरला आणि एका रात्रीत २९ जणांना चावला. लांडग्याच्या चाव्यात जबडा मोठा, जखमा डोक्या-चेहऱ्यावर, म्हणजे मेंदूपासून बोटभर अंतरावर. घोड्याच्या रक्तातून काढलेलं तयार प्रतिपिंडांचं (विषाणूला धरून निकामी करणाऱ्या प्रथिनांचं) सिरम तेव्हा नवं होतं, काहींना ते मिळालं, काहींना नाही. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी ज्या पाच जणांना नुसती मेंदूवर वाढवलेली लस मिळाली, त्यातले तीन गेले. लसीबरोबर सिरमही मिळालेल्यांपैकी एकच गेला. पुढे १९७५-७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत माणसाच्या पेशींवर वाढवलेली नवी लस त्याच देशात, पिसाळल्याचं सिद्ध झालेल्या लांडग्या-कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना सिरमसह दिली. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जगले. कोणालाही मुद्दाम “तसोच ठेवलेला” नव्हता, पण आधीच्या लांडग्यांनी किती माणसं नेली ते गावोगावच्या नोंदींत होतं, आणि तोच तुलनेचा गट झाला.

आज आपल्या दंडात जाते ती लस त्या घराण्यातली. माकडाच्या मूत्रपिंडापासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या व्हेरो पेशींवर किंवा कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवतात, बीटा-प्रोपिओलॅक्टोन नावाच्या रसायनाने मारतात, शुद्ध करतात आणि गोठवून सुकवतात. या रसायनाचा एक मोठा गुण असा की काम झालं की थोड्या उबेत ते स्वतःच पाण्यात विरघळून मोडतं, लसीत उरत नाही. प्रमाण साधारण चार हजारांत एक भाग. कमी पडलं तर फोर्तालेझा; जास्त झालं तर विषाणूच्या अंगावरचं प्रथिन बिघडतं आणि लस नावापुरती उरते. त्या प्रथिनालाच सगळं महत्त्व आहे. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, त्याच्याजवळ अवघी पाच प्रथिनं, आणि बाहेर दिसतं ते एकच: जी प्रथिन. तीन-तीनच्या जुडीने ते पृष्ठभागावर उभं असतं, त्याच्याच आधाराने विषाणू मज्जातंतूला चिकटतो, आणि विषाणूला निकामी करणारी आपली प्रतिपिंडं त्यालाच धरतात. ही जुडी नाजूक असते. आम्लता जरा वाढली की तिचा आकार पालटतो, आणि पालटलेल्या आकाराविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं खऱ्या विषाणूपुढे फारशी उपयोगाची नाहीत. २०२२ मध्ये तिची नेमकी रचना दोन प्रयोगशाळांनी उलगडली आणि प्रथिनाच्या साखळीतला एखादा दुवा, म्हणजे अमिनो आम्ल, बदलून ती मूळ आकारात धरून ठेवता येते हेही दिसलं. पुढच्या लसींसाठी मला ही सगळ्यात उपयोगाची बातमी वाटते, जरी ती वर्तमानपत्रात आली नसली.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी लसीच्या प्रत्येक घाण्याची ताकद आजही बहुतेक ठिकाणी उंदरांवर तपासतात. आठवड्याच्या अंतराने दोनदा पोटात लस, चौदाव्या दिवशी थेट मेंदूत विषाणू, मग आणखी चौदा दिवस कोण जगतं ते बघायचं. एका डोसात किमान २.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजेत. ही तपासणी इतकी ढिली आहे की निकालाची मर्यादा एक चतुर्थांशापासून चौपटीपर्यंत असली तरी ती ग्राह्य धरतात. शिवाय महिना जातो आणि ढिगाने उंदीर मरतात. योग्य आकारातलं जी प्रथिन किती आहे ते प्रतिपिंडांनी थेट मोजायची पद्धत आता तिची जागा घेऊ लागली आहे, आणि ती जितक्या लवकर घेईल तितकं बरं.

आणि माणसांमध्ये? तिथे मापाचा दगड म्हणजे रक्तातली निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांची पातळी: दर मिलीलीटरला ०.५ एकक. हे मोजायची पद्धत १९७३ ची आहे. माणसाच्या रक्ताचा द्राव पायरीपायरीने पातळ करायचा, प्रत्येक पायरीत ठरावीक जिवंत विषाणू घालायचा, त्यावर पेशी टाकायच्या, आणि साधारण वीस तासांनी चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खणातली वीस क्षेत्रं तपासायची. जिथे विषाणू शिरला ती पेशी हिरवी चमकते. किती पातळ केलं तरी अंधार राहतो, त्यावरून पातळी ठरते. नवी लस घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला निरोगी माणसांवर हेच दाखवावं लागतं की चौदाव्या दिवशी आमची लस जुन्या लसीपेक्षा मागे नाही. म्हणजे काकींना प्रामाणिक उत्तर द्यायचं तर असं: नवीला जुनीच्या खांद्याला खांदा लावून उभं करतात, जुनी इराणमधल्या लांडग्यांपुढे टिकली होती, आणि मधल्या वर्षांत कोट्यवधी चावलेली माणसं जगली आहेत. ज्यांनी वेळेवर सगळं केलं तरी जे गेले, अशांची संख्या अगदी थोडी, आणि त्यांच्यातही शोध घेतला की बहुतेकदा काहीतरी राहून गेलेलं सापडतं. जखम धुतली नव्हती, सिरम दिलं नव्हतं, किंवा इंजेक्शन कुल्ल्यावर दिलं होतं, जिथल्या चरबीत लस नुसतीच पडून राहते.

चौदावा दिवस. सगळी मेख तिथेच आहे.

लस आजपर्यंत कितीही सुधारली तरी शरीराला स्वतःची प्रतिपिंडं बनवायला सात ते दहा दिवस लागतातच. तेवढे दिवस जखमेतला विषाणू मोकळा असतो. तो स्नायूत काही काळ रेंगाळतो आणि मग नसेत शिरतो. एकदा नसेत शिरला की रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो दिसत नाही. बहुतेकांना लक्षणं एक ते तीन महिन्यांनी दिसतात म्हणूनच चावल्यानंतर लस देण्यात अर्थ आहे, पण गालाला चावलेल्या चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत तेवढी सवड धरून चालता येत नाही. ही मधली फट भरतं ते सिरम. घोड्याचं असेल तर दर किलोला ४० एकक, माणसाचं असेल तर २०. पन्नास किलोच्या बाईला घोड्याचं २००० एकक, म्हणजे नेहमीच्या कुपीतून पावणेसात मिली, आणि ते दंडात टोचून भागत नाही. जखमेच्या कडेकडेने, तळापर्यंत, जितकं मावेल तितकं भरावं लागतं. बोटाच्या पेराला चावलं असेल तर तिथे अर्धा मिलीही मावत नाही आणि जोर केला तर रक्तपुरवठा तुटतो. जखमा खूप असतील तर सलाईन मिसळून पुरवायचं. पहिल्या लसीनंतर सात दिवस उलटले की द्यायचं नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात. हे काम हात बसलेल्या माणसाचं आहे, रोग्याला वेदना होतात, आणि लहान मूल किंचाळत असताना नवख्या डॉक्टरचा हात आखडतो. सिंधुदुर्गात कोणी सिरमसाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेलं, कोणी थेट गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात. रात्रीची वस्तीची एसटी सोडून दुसरं वाहन नसलेल्या वाडीतून निघालेल्या माणसाचा पहिला दिवस रस्त्यातच जातो.

याच जागी गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात खरं पाऊल पडलं आहे, आणि ते लसीचं नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्सबरोबर बनवलेलं रेबिशिल्ड हे एकाच साच्यातलं, पेशींमध्ये बनणारं प्रतिपिंड आहे. दर किलोला ३.३३ एकक पुरतात, घोडे लागत नाहीत, माणसांचं रक्तही लागत नाही. झायडसच्या ट्विनरॅबमध्ये तशी दोन प्रतिपिंडं एकत्र आहेत. दोन असण्याला कारण आहे: विषाणूने एका ठिकाणी रूप बदललं तरी दुसरी पकड सुटू नये.

लसीच्या फेऱ्यांकडे वळू. दंडाच्या स्नायूत द्यायची तर पाच फेऱ्या, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी एक पूर्ण कुपी. कातडीत द्यायची तर ०, ३, ७ आणि २८, दर वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिली. कातडी हे पहारेकरी पेशींचं ठाणंच असल्याने तिथे एवढंसं पुरतं. चार फेऱ्यांत एकूण ०.८ मिली, म्हणजे एका मिलीच्या कुपीपेक्षाही कमी. भारताने ही पद्धत २००६ पासून स्वीकारली आणि तिच्यामुळेच सरकारी दवाखान्यात लस परवडते. सुई अगदी तिरपी, जवळजवळ कातडीला समांतर, भोक वर. टोचल्यावर फिकट, टणक फुगवटा उठलाच पाहिजे. नाही उठला तर लस खाली चरबीत गेली, बाजूला पुन्हा द्यायची. पण कुपी पाण्यात कालवली की सहा ते आठ तासांत संपवावी लागते. शहरात चाव्यांची रांग असते. खाडीपलीकडच्या केंद्रात दिवसाला एखादाच रोगी येतो, मग उरलेली लस रोज संध्याकाळी फेकायची की रोग्याला “बुधवारी ये, तेव्हा आणखी दोघे येतील” म्हणून परत पाठवायचं, हा पेच सिस्टरना पडतो. रेबीजमध्ये बुधवार चालत नाही. त्यात जून-जुलैला मासेमारी बंद, बंदरावर पोसलेली कुत्री खायला शोधत वाडीत घुसतात, त्याच दिवसांत वाऱ्याने झाडं पडून वीज दोन-दोन दिवस गायब, आणि आयएलआरच्या, म्हणजे लस ठेवायच्या फ्रीजच्या, तापमानाची वही भरताना सिस्टरचा जीव टांगणीला. सुकवलेली लस त्यातल्या त्यात दणकट असते. ३७ अंशांवर चार आठवडे ठेवूनही तिची ताकद टिकली पाहिजे, असा निकषच आहे. कालवलेल्या कुपीला ती सवलत नाही.

आता नव्या लसींकडे या जागेवरून पाहायचं. मी तरी प्रत्येकीला तीनच गोष्टी विचारते: फेऱ्या किती वाचवतेस, थंडी किती मागतेस, आणि सिरमची गरज कमी करतेस का?

अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सची थ्रॅबिस २०२२ मध्ये आली. तिच्यात विषाणूच नाही. जी प्रथिन कीटकांच्या पेशींमध्ये बनवून त्याचे सूक्ष्म कण तयार केलेले असतात. ०, ३, ७ अशा तीन टोचण्यांत काम होतं. अठ्ठाविसाव्या दिवसाची फेरी वाचणं ही मोठी गोष्ट आहे, कारण लोक गळतात ते तिथेच; जखम भरलेली असते, कुत्रंही दारात शेपूट हलवत बसलेलं असतं. (जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून जुन्याच लसी कातडीत एका आठवड्यात, तीन फेऱ्यांत संपवायलाही मान्यता दिली आहे, हे इथे विसरू नये.) पिका नावाच्या लसीत जुन्या विषाणूला एक चेतवणारं द्रव्य जोडून प्रतिपिंडं लवकर उठवायचा प्रयत्न आहे. एमआरएनए लसीचं, म्हणजे प्रथिनाऐवजी ते बनवायची कृतीच शरीराला देणाऱ्या लसीचं, नाव करोनाने घरोघरी पोचवलं, पण निरोगी माणसांवर रोगप्रतिबंधक एमआरएनए लसीची पहिली चाचणी छापून आली ती २०१७ मध्ये, आणि ती रेबीजची होती. जर्मनीच्या क्युअरव्हॅकची. साध्या सुईने दिली तर ती धड चालली नाही, बिनसुईच्या दाबयंत्राने चालली. मग तेच आरएनए चरबीच्या कणांत गुंडाळलं तर एक-दोन मायक्रोग्रॅमच्या दोन टोचण्यांत पातळी गाठली गेली; पाच मायक्रोग्रॅमने मात्र लोकांना ताप-थंडीने हैराण केलं. उमेद वाटावी असंच हे आहे, पण आठवड्याची फट यातल्या कोणीच बुजवलेली नाही, आणि बुजवल्याशिवाय सिरम सुटत नाही.

मला आशा वाटते ती ऑक्सफर्डच्या चॅडऑक्स-२ लसीची. कोविशील्डच्या कुळातला, चिंपांझीच्या सर्दीचा निरुपद्रवी केलेला विषाणू, आणि त्याच्या पोटात रेबीजच्या जी प्रथिनाचा जनुक. २०२२ मध्ये आलेली पहिली चाचणी अवघ्या बारा जणांवर होती. एकच टोचणी. मधला आणि वरचा डोस घेतलेल्या सगळ्यांनी दोन महिन्यांत ०.५ ची पातळी ओलांडली, आणि वर्षाने तपासायला आलेल्या सातांपैकी सहाजणांत ती टिकून होती. चावल्यानंतर देण्यासाठी ही लस नाही, त्यासाठी ती फार सावकाश चढते. ती आहे चावण्याआधी देण्यासाठी. या कुळातल्या लसींनी करोनाकाळात क्वचित रक्ताच्या गाठी केल्या होत्या, तो धोका या लसीत आहे की नाही ते मोठ्या संख्येवरच कळेल, आणि निरोगी मुलांना द्यायची लस म्हटल्यावर ते कळलंच पाहिजे. टांझानियात तिची पुढची चाचणी झाली आहे.

माणसाच्या लसीबद्दल इतकं बोलून कुत्र्याला वगळणं बरोबर नाही. माणसांतले ९९ टक्क्यांपर्यंत रेबीजचे रोगी कुत्र्यांमुळेच होतात, आणि दर वर्षी ७० टक्के कुत्री टोचली तर साखळी तुटते. आपल्या शेजारी गोव्याने ते करून दाखवलं. जाळी घेऊन फिरणारी पथकं, टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळावर रंगाचा पट्टा, मोबाइलवर प्रत्येकाची जागा, शाळांमधून धडे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्री टोचली गेली, कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्के घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. कुत्र्यांच्या लसीचीही एक सोय आहे: नोबिवॅक ही लस ३० अंशांवर तीन महिने ठेवूनही तितकीच प्रभावी ठरली, म्हणजे बर्फाशिवाय ती दोडामार्गच्या डोंगरातल्या वाडीपर्यंत जाऊ शकते. कोकणातलं कुत्रं मोकळं फिरतं, पण बहुतेकदा कोणाच्या तरी पडवीचं असतं. घरच्या माणसाने “मोत्या” म्हणून हाक मारली की मान देतं. जाळीने धरायचं ते बंदरावरचं आणि मच्छीबाजारातलं. त्याच्यासाठी तोंडावाटे द्यायची लस तयार आहे. विषाणूच्या जी प्रथिनातलं ३३३ व्या जागेवरचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल बदलून त्याची विषारी धार काढतात, तो जिवंत विषाणू पुडीत भरून अंड्याच्या चवीच्या आमिषात घालतात. कुत्र्याने चावून पुडी फोडली आणि द्राव टाळूला लागला की काम झालं. न चावता गिळली तर वाया. गोव्यात रिकाम्या आमिषांनी करून बघितलं तेव्हा माणशी दिवसाला जाळीपेक्षा कितीतरी जास्त कुत्र्यांपर्यंत पोचता आलं. पोरांच्या हाती पुडी लागू नये म्हणून ती फेकून निघून जायचं नसतं, कुत्र्याने खाईपर्यंत उभं राहून कागद परत उचलायचा असतो.

गुरांबद्दल एक सांगून ठेवते, कारण ते कोणी सांगत नाही. फणसाच्या आणि आंब्याच्या दिवसांत गाय खात नाही, तोंडातून लाळेच्या तारा, घशातून घोगरा हंबरडा, म्हणजे बाठा अडकला असं समजून घरचा माणूस कोपरापर्यंत हात घालतो. पिसाळलेल्या गाईचा घसा लुळा पडतो तेव्हा अगदी असंच दिसतं. हातमोजे नसतील, किंवा गेल्या काही महिन्यांत तिला कुत्रं किंवा कोल्हा चावल्याचं कळत असेल, तर हात घालू नये, जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं. हात घातलाच असेल तर साबण, पंधरा मिनिटं, आणि लस. दातांनी खरचटलं असेल किंवा हातावर आधीची उघडी जखम असेल तर सिरमसुद्धा.

रेबीजने मरणाऱ्यांत साधारण दहांतले चार पंधरा वर्षांखालचे असतात. पोरं कुत्र्याच्या उंचीची असतात, चावा वर बसतो, आणि ओरडा बसेल म्हणून घरी सांगत नाहीत. आधीच लस घेतलेल्या मुलाला कुत्रं चावलं तर जखम धुवायची, ० आणि ३ दिवशी एकेक छोटी टोचणी, बस. सिरम लागत नाही. ओरोस नाही, बांबोळी नाही. पेरूने वटवाघळांच्या चाव्यांसाठी अमेझॉनच्या जंगलातल्या मुलांना अशी आधीच लस दिली आहे. आजच्या लसींनी हे करायला आठवड्याच्या अंतराने दोन फेऱ्या लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आपल्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदाच. दात, डोळे, वजन बघून त्याच दिवशी पुढच्या गावाला जातं. दोन फेऱ्यांची लस शाळेतल्या त्या एका भेटीत बसत नाही. एका टोचणीची बसेल, म्हणून टांझानियातल्या त्या चाचणीत मुलांच्या वयोगटात काय निघतं, याच्याकडे कोकणातल्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने डोळे लावून बसावं असं मला वाटतं. आणि तोवर, ज्या वाडीतून सिरमपर्यंत पोचायला अर्धा दिवस लागतो, तिथल्या शाळेत दोन फेऱ्यांची जुनीच लस द्यायला पथकाची एक जादा गाडी आठवड्याने परत पाठवायला काय खर्च येईल, तो हिशेब जिल्हा परिषदेने मांडायला हरकत नाही.